डिस्कच्या नावातलं एक अक्षर

"तुमची तेवढी सही राहिलीय," म्हणत त्याने आपल्या निवृत्तीचा कागद टेबलावर सरकवला.

इस्पितळाच्या तळघरातली रेकॉर्ड रूम. अकरा वर्षांपूर्वी ताई वरच्या संगणक कक्षात त्याच्या शेजारी बसायच्या. त्यांची इथे बदली झाल्यापासून तो एकदाही खाली उतरला नव्हता.

ताई चष्मा लावून कागद वाचू लागल्या. त्याला राहवेना.

"ताई, ती चूक माझी होती."

सर्व्हर सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम एका फाइलीतली ओळ वाचतो आणि कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला सांगतो, तुझी डिस्क ही. त्याने ती ओळ बदलताना डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकवलं. चालू मशीनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ओळ वाचली जाणार ती थेट पुढच्या खेपेला मशीन सुरू होताना. चार महिन्यांनी विजेच्या कामासाठी ताईंनी सर्व्हर बंद करून पुन्हा लावला, आणि तो काळ्या पडद्यावर अडून बसला. दिवसभर लॅबचे रिपोर्ट अडकले, दोन ऑपरेशनं पुढे गेली. ती ओळ पाहताच त्याने आपली चूक ओळखली. बूटच्या मेनूत शिरून त्याने अक्षर सुधारलं, मशीन उठवलं, मग गुपचूप फाइलही नीट केली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. चौकशीत एवढंच विचारलं गेलं, शेवटचा हात कोणाचा? हात ताईंचा होता. तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला, आणि ताईंची बदली तळघरात झाली.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या.

"कसं?"

"जुनी फाइल बॅकअपमध्ये होती की, तारखेसकट. त्या आठवड्यात मी रजेवर होते. कक्षात तुम्ही एकटेच."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. पहिली दोन वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे. मग कामाला लागले."

"मी आत्ता जाऊन साहेबांना सांगतो."

"कुठल्या साहेबांना? ते केव्हाच गेले. ते मशीनही भंगारात गेलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ताईंनी सही केली, शिक्का मारला, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि कागद त्याच्या हातात दिला. तो हलेना.

मागे येऊन उभ्या राहिलेल्या नर्सने कडेवरचा फायलींचा गठ्ठा सावरत विचारलं, "झालं का हो तुमचं?"

तो बाजूला झाला.