अक्कांसमोरचं वाचन

ओल्या दगडावर तांदळाचं पीठ पडताना खरं तर आवाज होत नाही, पण कमळाअक्कांच्या चिमटीतून ते सुटलं की मला एक हलकी सरसर ऐकू यायची आणि माझं मस्तक फिरायचं. मैलापूरमधल्या त्यांच्या दारात चारची उन्हं तिरपी उतरलेली असत, समुद्राकडचा वारा नुकता सुटू पाहत असे, आणि सत्तरीच्या अक्का वाकून, दारात कोलमची रांगोळी रेखावी तसं, पायरीवर हातभर लांबीचं इंग्रजी अक्षर रेखत. शेजारी उकिडवी बसलेली माझी गौरी आपल्या चिमटीने तेच अक्षर रेखी आणि रेघेबरोबर त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारी. आठवीतली, चौदा वर्षांची माझी मुलगी, आणि तिला अजून बी आणि डी वेगळे दिसत नव्हते.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून चेन्नईला आलो, त्याला तेव्हा, म्हणजे दोन हजार पाचच्या सुमारास, जेमतेम वर्ष झालं होतं. मी शाळेत हिंदी शिकवायची. लोकांची मुलं माझ्या हाताखाली घडाघडा वाचू लागत, आणि पोटची पोर माझ्यासमोर पुस्तक उघडलं की दगड होई. तपासणीत कळलं की तिची बुद्धी उत्तम आहे, वाचन-लेखनाची अक्षमता मात्र जन्मजात आहे. मग कुणीतरी अक्कांचं नाव सुचवलं. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या; अशा मुलांना शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

अक्कांचं सगळं सामर्थ्य त्यांच्या थांबण्यात होतं. गौरी एखाद्या शब्दापाशी अडली की त्या मान किंचित कलती करीत, डोळे अर्धे मिटत आणि अशा निवांत होत, की जणू तो शब्द यायला संध्याकाळ झाली तरी त्यांची हरकत नव्हती. गौरी अंगठ्यावर एकेक बोट टेकवीत ध्वनी सुटे करी, पुन्हा जोडी, आणि शब्द लागला की मान वर करून अक्कांकडे बघे. ते बघणं मी व्हरांड्यातल्या बाकावरून पाहायची. तसं तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मत्सर हा शब्द मी मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. तो पोटात कसा उठतो, ते मला त्या बाकावर कळलं.

घरी रोज एक पान आईला वाचून दाखवायचं आणि आईने वहीत सही करायची, असा अक्कांचा नियम होता. गौरी वाचीत नसे. मी सही करीत असे. मुलगी अक्कांना वाचून दाखवते आणि मला नाही, हे त्यांना कळू नये म्हणून मी महिनोन् महिने खोटं वागले.

एका रविवारी मी इरेला पेटले. रांगोळी आणली, फरशी पुसली, ठिपके मांडून दिले. गौरीने काढलेल्या डीचं पोट वाकडं झालं. माझा रांगोळीचा हात, राहवलं नाही. अंगठ्याने ती रेघ पुसून मी गोल नीट करून दिला. गौरी उठली, तिने हात धुतले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पुढच्या वेळी मी अक्कांपाशी हे सगळं ओकून टाकलं, सह्यांसकट. त्यांना राग आला नाही, याचाच मला राग आला. पायरीवरच्या पिठाला लागलेल्या मुंग्यांच्या रांगेकडे बघत त्या म्हणाल्या, "चुकलं ते मुंग्या खातात की. आपण कां पुसणं, मा?"

दोन वर्षांनी अक्का शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तांबरमला, मुलाकडे राहायला गेल्या. मला हायसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. गौरीने आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी ती आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि गोष्टीचं पुस्तक उघडलं. एका लांबलचक शब्दापाशी ती अडली. तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी ओठ घट्ट मिटले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. तिची बोटं अंगठ्यावर एकेक करून टेकली, थांबली, परत टेकली आणि शब्द लागला.

तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, समोर, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं तिथे बघून ती हसली आणि पुढे वाचू लागली. माणूस उठून गेल्यावरही त्याची जागा किती काळ भरलेलीच राहते. त्या जागेसाठी चाललेलं वाचन मी शेजारी बसून, श्वास रोखून, पान संपेपर्यंत ऐकलं.