घोड्याखालचं रिकामं घर

डिचोलीच्या थेटरात रविवारी सकाळी इंग्लिश पिक्चर लागतो. खाणीवरचे ट्रकवाले, कोल्हापूर-बेळगावकडचे मजूर आणि मी, एवढेच प्रेक्षक. पडद्यावरचं बोलणं कुणालाच कळत नाही. भाषेवरून गोव्यात एवढी भांडणं झाली, पण इथे सगळे सारखेच अडाणी, त्यामुळे शांतता असते.

शांतता मोडतो तो मीच. मी पिक्चर बघायला जात नाही, चुका काढायला जातो. पडद्यावर साल येतं अठराशे पासष्ट, आणि हिरोच्या कमरेला रिव्हॉल्व्हर अठराशे त्र्याहत्तरचं. आजोबांच्या मुंजीला नातू हजर! पासष्ट साली बहुतेकांना दारू ओतून, गोळी ठासून, मागे टोपी बसवून चक्रीतलं एकेक घर, म्हणजे गोळीचा खण, भरावं लागे. हे लोक मात्र पळता पळता काडतुसं सारतात आणि सहा घरांच्या चक्रीतून नऊ बार काढतात. मी मोठ्याने मोजतो. "सात! आठ! अरे, बंदूक आहे की अंडी घालणारी कोंबडी?" मागचे हसतात. दारावरचा माणूस बॅटरी मारून म्हणतो, "मेस्त, गप रवा हां, नायतर भायर."

मेस्त म्हणजे मी, कृष्णनाथ च्यारी, बंदुका दुरुस्त करणारा. लोकांना वाटतं मी चक्रम आहे. त्यांना काय सांगू? मोजायला मला माझ्या डाव्या हाताची खुर्ची लावते. तिथे गोकुळदास येऊन बसतो, माझ्या बहिणीचा नवरा. तो सत्त्याऐंशी साली गेला. आधी जळलेल्या केसांचा वास येतो, मग खुर्चीची लाकडी फळी कुरकुरते. मी तिकडे बघत नाही. आठ वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

माझं आयुष्य गेलं ठासणीच्या बंदुकांत. लाटंबार्श्यापासून वाळपईपर्यंत भाताला आणि काजूला डुक्कर लागलं की लोक बंदूक घेऊन माझ्याकडे येत. ठासणीच्या बंदुकीचं गणित सरळ असतं. एक नळी, एक बार, मागे एक घोडा. चाप ओढला की घोडा आपटतो, आणि त्याच्याखाली जे असेल तेच उडतं. खाली काही नसेल तर नुसता खट्. रिव्हॉल्व्हर मी पन्नास वर्षांचा होईपर्यंत हातात धरलं नव्हतं.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी दिवाळीनंतर गावच्या मंडळाने नाटक बसवलं. गोकुळदास नायक. खलनायक बाबली, पेडण्याकडचा, केरीचा, आमच्या गावी ट्रक चालवायचा. आवाज असा की पहिल्या रांगेतली पोरं रडायची. नाटकात खलनायक नायकाच्या कानशिलाला रिव्हॉल्व्हर लावतो, चाप ओढतो, खट्, बार उडत नाही. चिडून तो वर आभाळात चाप ओढतो, आणि आता मात्र धाड्! भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी पोर्तुगीज अमदानीतलं लायसनचं रिव्हॉल्व्हर होतं, ते मंडळाने मागून आणलं. खोटा आवाज नको, खरा हवा, हा हट्ट माझा. एका काडतुसातलं शिसं मी काढलं, दारू ठेवली आणि वर काथ्याचा बोळा ठासला. गोळी नाही म्हणजे भीती नाही, असं मला वाटलं. आभाळात उडाला असता तर नव्हतीच.

आता प्रश्न होता कुठल्या घरात काय ठेवायचं. मी विचारसुद्धा केला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. याच थेटरात मी पाहिलं होतं: हिरो गुपचूप घोड्याखालचं घर रिकामं करून ठेवतो, दुष्ट माणूस चाप ओढतो, खट्. आमच्या ठासणीच्या गणितातही ते चपखल बसत होतं. घोड्याखाली रिकामं घर, शेजारच्या घरात बार. पहिल्यांदा खट्, मग चक्री सरकेल, दुसऱ्यांदा धाड्.

चक्री फिरते हे मी पाहिलं होतं. ती कधी फिरते ते पाहिलं नव्हतं. चाप ओढताना ती आधी सरकते आणि घोडा नंतर आपटतो. घोड्याखालचं घर निघून जातं आणि शेजारचं त्याच्या जागी येतं. पिक्चरवाल्यांनी खोटं दाखवलं आणि मी, कसबी माणूस, ते खरं मानलं. तालमीत काडतूस नव्हतंच, दोन्ही वेळा नुसता खट् वाजायचा.

शाळेच्या पटांगणात, दिवेलागणीला, बाबलीने गोकुळच्या कानशिलाला नळी टेकवली आणि चाप ओढला.

टेकलेल्या नळीतून दारूचा जाळ आणि काथ्याचा बोळाही माणूस मारतो. गोकुळ पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानातून गेलेल्या नाहीत. मी पडद्याआडून धावलो, बाबलीच्या हातून ते रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि घोडा कुठल्या घरावर बसलाय ते पाहिलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. पार्वती, माझी बहीण, स्टेजवर चढून ओरडत होती, "दादा, ह्यात बार कोणी भरलो? कोणी भरलो रे?"

मी म्हटलं, "मी बरोबर भरला होता. बाबलीने चक्री फिरवली."

पिक्चरमध्ये सगळे फिरवतात ना, ऐट म्हणून! कुणालाही पटण्यासारखं होतं. पोलिसांना पटलं, कोर्टालाही पटलं. बाबली पहिल्या दिवशी म्हणाला, "माका आठवना." वकिलाने फार विचारलं तेव्हा म्हणाला, "फिरयली आसतली." दीड वर्ष कैदेत काढून आला तेव्हा ट्रक गेला होता आणि बायको माहेरी गेली होती. मी त्याला भात्यावर कामाला ठेवलं. गाव म्हणालं, मेस्ताचं मन मोठं. मी ते ऐकून घेतलं, खाली मान घालून. माझ्यासारखा नीच माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पार्वती माझ्याच घरी राहिली. तिला खरं सांगितलं असतं तर माझ्या हातचं पाणी ती प्यायली नसती, आणि तिला दुसरं घर नव्हतं. निदान मी मनाला असं बजावत होतो. पणजीच्या लायब्ररीत जाऊन चित्रं असलेली जाडजूड पुस्तकं उलटली, कुठलं रिव्हॉल्व्हर कुठल्या सालचं ते पाठ केलं. पडद्यावरच्या चुका पकडत राहिलो. तेवढ्याने माझी चूक झाकली जाईल, असं वाटत होतं की काय कोण जाणे.

गेल्या महिन्यात पार्वती तापाने गेली. तिचं बारावं झालं आणि माझ्याकडे निमित्त उरलं नाही. त्या रविवारी मी थेटरात गेलो नाही. सकाळीच बाबलीला भात्याजवळ बसवलं, चहा आणि पाव पुढे ठेवला, आणि सगळं सांगितलं. रिकामं घर, शेजारचं घर, आधी काय सरकतं, नंतर काय आपटतं. कोळशाने जमिनीवर चक्री काढून दाखवली. शेवटी म्हणालो, "तू फिरवली नव्हतीस बाबली. गोकुळला मी मारला. तुझं घर मी बुडवलं. आता मला काय करायचं ते कर."

मला वाटलं तो हातोडा उचलेल. उचलावा असंच वाटत होतं. बाबलीने कोळशाच्या रेघांवरून नजर फिरवली. मग त्याने पाव चहात बुडवला.

"मेस्त," तो अगदी मायेने म्हणाला, "बाय गेली म्हणान तुमचा मन हळवा झालाहा. माझ्यासाठी खोटा बोलू नकात."

"खोटं नाही रे! तेव्हा बोललो ते खोटं. हे खरं!"

"माका आठवता," तो म्हणाला. "पयलां आठवत नाय होतां. मगे कैदेत एक दिवस आठवला. आता रोज आठवता. चक्री थंड होती. कर्रर्र वाजली. तुमी कित्याक माझा पाप आंगावर घेतास?"

मी त्याचे खांदे धरून हलवले. ओरडलो, देवाची शपथ घातली, रडलो. तो माझी समजूत घालत राहिला, आजारी माणसाची घालावी तशी.

"बगा," म्हणाला, "अशी फिरयली." आणि त्याने डावा तळवा पुढे धरून त्यावरून उजवा अंगठा सर्रकन ओढला, शेवटी किंचित उचलून.

बाबली डावरा आहे. हातोडा, विडी, सगळं त्याच्या डाव्या हातात. उजव्या अंगठ्याने त्याने जन्मात काही केलेलं नाही. तो अंगठा माझा होता. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "फिरवली म्हणजे नेमकी कशी?" तेव्हा मी तो तसाच ओढून दाखवला होता, शेवटी किंचित उचलून, आणि बाबली पिंजऱ्यात उभा राहून लक्षपूर्वक बघत होता.