किड्याचं घराणं

लेकाचं आज डोकं ठिकाणावर नव्हतं. खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, केर काढायचा नाही, जोरात श्वासही घ्यायचा नाही, आणि स्वतः मात्र कपाटाखाली नाक खुपसून पालथा.

"चाळिशी उलटली तुझी, रांगायचं वय गेलं," आई दारातून म्हणाली. "हरवलंय काय, ते तरी सांग!"

सांगितलं सुनेनं, डोळे पुसत. लेक अभ्यास करी तो लांब तंगड्यांच्या किड्यांचा. दिसायला कोळी, पण जाळं विणत नाहीत. त्यातला एक कुठल्याच घराण्यात बसेना, म्हणून नवं घराणं मांडून त्याला नाव द्यायचं होतं. घराणं ओळखायचं नराच्या लिंगावरून, आणि ते खसखशीहून बारीक. नर सापडला होता एकच. तो जिथे मिळाला ती झाडी आता दगडाच्या खाणीत गेली होती, म्हणजे दुसरा मिळायचा नाही. निबंध छापायला धाडण्याआधी चित्र पडताळावं म्हणून यानं तो अवयव स्पिरिटमधून काढून काचेवर ठेवला, आणि उकडतंय म्हणून पंखा लावला. एवढा शिकलेला माणूस!

आई गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत खाली बसली. बॅटरीच्या उजेडात तिघांनी फरशीची फट न फट धुंडाळली.

"हे का रे?"

"आई, तो कोंडा आहे!"

"तुझ्याच डोक्यातला असणार."

दुपार कलली तसा तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. उमेदीची सगळी वर्षं या एका नावापायी गेली होती. मग अचानक उठला आणि फळीवरून दुसऱ्या किड्याची बाटली काढली.

"याचा अवयव काढून त्याच्या बाटलीत ठेवतो. बाटली एकदा संग्रहालयात गेली, की कोण उघडून बघतंय?"

"तुझ्याकडे चित्र आहे ना?"

"नुसत्या चित्रावर कोण विश्वास ठेवेल, आई? म्हणतील, मनानं काढलं. सगळं संपलं माझं!"

सुनेनं मान फिरवली. त्यानं चिमटा उचलला. आईनं बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"लोक तुला खोटा म्हणाले तर मी त्यांच्याशी भांडेन. पण तू खोटा झालास, तर मी कुणाच्या बाजूनं उभी राहू? 'तो अवयव माझ्या हातून हरवला,' असं निबंधात खरं खरं लिही. आणि नाही छापलं तर राहू दे तो किडा बिननावाचा. दुसऱ्याचा नर लावून घराणी मांडायची नाहीत, निदान माझ्या पोरानं तरी नाही. ठेव तो चिमटा खाली."