पेद्रुचं खंदकातलं घड्याळ

काचेवरची जाळी बघून दचकू नका. मी कैदी नाही, पहिल्या महायुद्धातल्या खंदकातलं मनगटी घड्याळ बोलतोय. उडत्या तुकड्यांनी काच फुटू नये म्हणून ही जाळी.

माझा पहिला मालक गोरा लेफ्टनंट. हल्ल्याआधी सगळे अधिकारी मनगटं जवळ आणून काटे जुळवायचे. एकमेकांच्या तोंडाकडे मात्र कुणी बघायचं नाही. माणसं अशी का वागतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लेफ्टनंट जखमी झाला. त्याचा स्वयंपाकी, आपल्या वसईचा पेद्रु, त्याला पाठीवर घालून गोळीबारातून बाहेर घेऊन आला. निरोप घेताना साहेबाने चाकूच्या टोकाने माझ्या चांदीच्या पाठीवर इंग्रजीत कोरलं, ‘पेद्रुला, जीव वाचवल्याबद्दल’, आणि मला त्याच्या हाती दिलं. पेद्रुला वाचता येत नव्हतं. कुणाकडून वाचूनही घेतलं नाही, इतका भिडस्त! ‘सायबाने दिलं’ एवढंच घरी सांगायचा.

वसईच्या घरी मी आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, क्रुसाशेजारी राहिलो. गावच्या सणाआधी चिंच आणि राखेने चांदी घासायचं काम त्याच्या लेकीचं, सालोमीचं. पोरीला हौस दांडगी!

"बाय, तोंड दिसलं पायजे त्यात," पेद्रु म्हणायचा.

दहा-बारा सणांत तोंड दिसू लागलं आणि तिला नुसते ओरखडे वाटलेली अक्षरं गेली. मला ओरडता आलं असतं तर!

१९९९ साली चर्चच्या सभागृहात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. पेद्रु तेव्हा हयात नव्हता. शेजारच्या ॲन्सेल्मने मला बघून नाक मुरडलं. "सायबाचं घड्याळ सैपाक्याकडं कसं? मेलेल्याच्या हातातलं काढलं आसंल."

सत्तरीची सालोमी संतापली. मला रुमालात गुंडाळून तिने थेट बाजारातल्या हरेश घड्याळजीचं दुकान गाठलं. त्याने डोळ्याला भिंग लावून मला दिव्याखाली तिरपं धरलं.

"इथे काहीतरी कोरलेलं होतं, मावशी. कोणीतरी घासून घासून घालवलंय. आता नाही वाचता येणार."

सालोमी स्टुलावर बसली. "पानी दे रे जरा," एवढंच म्हणाली.

प्रदर्शनात तिने माझ्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली: ‘माझ्या बापाला साहेबाने दिलेलं घड्याळ. मागे कोरलेलं मीच घासून घालवलं.’

आता मी तिच्या कपाटात असतो. ती रोज चावी देते, कानाला लावते, मागे काय कोरलं होतं ते मी सांगेन म्हणून वाट बघते. तिला नुसती टिकटिक ऐकू येते, आणि माझा जीव तुटतो. वाचकहो, माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं आहे. वसईला गेलात तर सालोमीला एवढं सांगा, तिचा बाप चोर नव्हता.