काशिनाथरावांनी मागितलेलं रेफरल

पत्नी सुहासिनीला जाऊन सव्वीस दिवस झाले होते, आणि घरासमोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात महिन्याभराचंच चित्रण राहतं. म्हणून काशिनाथरावांनी जावयाकरवी निरोप धाडून ऋतुजाला इंदूरहून बोलावलं. तेराव्याला चार नातेवाइकांच्या देखत ती म्हणाली होती की बाबांनी आईला दवाखान्यात न्यायला उशीर केला. त्यानंतर तिने बापाचा फोन उचलला नव्हता. आज आली तीही घरात न शिरता थेट मेडिकलमध्ये.

काशिनाथरावांनी भोपाळच्या मैदानांवर तीस वर्षं पंच म्हणून हॉकीचे सामने खेळवले होते. शेवटची काही वर्षं ते मैदानाबाहेर, व्हिडिओ पंचाच्या खुर्चीत असत. निर्णय पटला नाही की संघ रेफरल मागतो. पण नुसतं पुन्हा बघा म्हणून चालत नाही. चेंडू पायाला लागला का, असं नेमकं विचारावं लागतं. बरोबर ठरलात तर रेफरल शाबूत. चुकलात तर गेलं, मग सामना संपेपर्यंत गप्प बसायचं.

त्यांनी दुकानदार संकेतला नेमकंच सांगितलं. त्या दिवशी सकाळी मी फिरून घरी आलो तिथपासून दवाखान्याची रिक्षा निघेपर्यंत किती वेळ गेला, ते दाखव.

सहा बावन्नला ते फाटकातून आत गेले. सहा अठ्ठावन्नला सुहासिनीला धरून रिक्षात बसवत होते. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"सहा मिनिटं," संकेत म्हणाला. "अंकल, इतक्यात तर माझं शटर उघडत नाही."

ऋतुजाने स्क्रीनवरच्या वेळा स्वतः मोजून पाहिल्या. मग म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." घरी चला, चहा टाकते, असं म्हणून ती दुकानाची पायरी उतरली.

तिथे थांबता आलं असतं. पण व्हिडिओ पंच चाल सुरू झाली तिथपर्यंत मागे जातो, आणि रेफरल मागणाऱ्याचाच आधीचा फाऊल दिसला तर तोही सांगावा लागतो. सवयीने त्यांनी संकेतला अजून मागे घ्यायला लावलं.

सहा चोवीस. सुहासिनी फाटकात आली, एक हात छातीवर. कोपऱ्यावरून सकाळी फिरणारी मंडळी चालली होती, त्यांत काशिनाथराव. तिने दुसरा हात वर केला. त्यांनी वळून पाहिलं, पाच बोटं दाखवली आणि मंडळींबरोबर चहाच्या टपरीकडे गेले. ती ओट्यावर बसली.

आत्ता त्यांना आठवलं. ती दूध आणायला सांगतेय असं वाटलं होतं.

"राहू द्या, अंकल," संकेत हळूच म्हणाला. "दीदीने हे विचारलंच नाही."

काशिनाथरावांनी ऋतुजाला हाक मारली. ती परत आली तेव्हा स्क्रीनवर कुठे बघायचं ते त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. तिने दोनदा पाहिलं.

"हात का दाखवलात तिला?"

"पाच मिनिटांत येतो म्हणून."

संकेत उगाच काउंटर पुसत होता. ऋतुजाने खांद्यावरची पिशवी सारखी केली, रस्त्यावर जाऊन स्टेशनची रिक्षा थांबवली आणि बसली. काशिनाथराव तिच्यामागे गेले नाहीत.