टर्न डाऊन

बावीस वर्षं मी लेथ मशीनवर उभी आहे. टर्नर. कारखान्यात मला सगळे लेथवाली म्हणतात आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण 'टर्न' हा शब्द घरचाच. रस्त्यावर टर्न म्हणजे वळण, दवाखान्यात टर्न म्हणजे नंबर, आमच्या खात्यात टर्न म्हणजे लोखंड फिरवून कापणं. एकाच शब्दाला किती ठिकाणी राबवायचं? आपणही पोराला लावतो ते वळण आणि अक्षराचं असतं तेही वळणच, पण इंग्रजांनी कहर केला. नवरा म्हणतो, "काटकसरी असतील बिचारे."

त्यातला 'टर्न डाऊन' तर आमचा रोजचा. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, 'टर्न डाऊन टू फॉर्टी'. म्हणजे जास्तीचं लोखंड काढा आणि शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, चाळीस मिलिमीटरच्या मापाला आणा. मापाला आला की पास.

प्रशिक्षण केंद्रात लेथ शिकवायची जागा निघाली आणि मी अर्ज केला. महिन्याने पत्र आलं. इंग्रजीत चार ओळी, वर माझं नाव, खाली सही-शिक्का आणि मधोमध 'टर्न्ड डाऊन'. मला भरूनच आलं. माझा अर्ज मापाला आला होता! नवऱ्याला दाखवलं, तर त्याचं इंग्रजी माझ्याहून दिव्य. "शिक्का तर गोल आहे," म्हणाला. शिकायला बाहेरगावी असलेल्या लेकीला एक फोन करायला हवा होता. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली मी. शनिवारी कारखान्याला रामराम ठोकला.

सोमवारी आठ वाजता केंद्रात हजर. बाराजण शिकणारे, चार महिने शिकवायला कुणी नाही आणि परीक्षा तीन आठवड्यांवर. "मी नवी शिक्षिका," म्हटलं, तर त्यांनी देव भेटल्यासारखं बघितलं. कोपऱ्यात वाया गेलेल्या शाफ्टचा ढीग होता.

"मॅडम, आमचा हातच वाईट आहे," एक मुलगी म्हणाली. "एक टोक बरोबर येतं, दुसरं जाड राहतं."

मी पाच शाफ्ट मोजले. पाचही एकाच बाजूला जाड. बारा हात एकसारखे वाईट कसे असतील? शाफ्टचं मागचं टोक धरणारा टेलस्टॉक केसभर सरकला होता. "तुमचे हात सोन्यासारखे आहेत," मी म्हटलं. "या मशीनचीच मान वाकडी आहे."

स्क्रू सैल केले, टेलस्टॉक सरकवला, कापून पाहिलं, पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा जमलं. मग त्या मुलीलाच उभं केलं. ती कापत असताना बाकीच्यांनी श्वास रोखून धरला होता.

तेवढ्यात हेडक्लार्क आले. "कोण आपण?"

मी ऐटीत पत्र दिलं. वाचून ते इतके हसले की चष्मा घसरला. "अहो बाई, टर्न्ड डाऊन म्हणजे नाकारलं! तुमच्याकडे डिप्लोमा नाही."

बारा चेहरे माझ्याकडे वळले. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते खरं आहे. हातची नोकरी सोडलेली आणि ही कधी मिळालीच नव्हती. मग नेहमीसारखा माझा राग मदतीला धावला.

हसणं ऐकून प्राचार्य दारात आले होते. "साहेब, ही सही तुमची?" मी विचारलं.

"हो."

"आमच्यात टर्न डाऊन करण्याआधी माप घेतात. माझं घेतलंत?"

मुलीने शाफ्ट काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मायक्रोमीटर लावला. एक टोक मोजलं, मध्य मोजला, दुसरं टोक मोजलं, आणि विश्वास बसेना म्हणून पहिलं पुन्हा मोजलं.

"कुणी केलं हे?"

"मी, सर," मुलगी म्हणाली. "मॅडमनी मशीन सरळ केलं."

प्राचार्य हेडक्लार्ककडे वळले. "वीस वर्षांचा अनुभव असेल तर डिप्लोम्याची अट सोडता येते, असं आपल्याच जाहिरातीत आहे ना?"

"आहे साहेब, पण अर्जांचा ढीग होता..."

"किती होते?"

"दोन."

बाराही जण फुटलेच. प्राचार्य हसले नाहीत. "बाई, मी न वाचता सही केली. चूक माझी," ते म्हणाले. "नवं पत्र आत्ता देतो."

"द्या. पण आपल्या भाषेत. आणि इथे सगळ्यांसमोर वाचून दाखवा."

हेडक्लार्कांनीच लिहिलं आणि हेडक्लार्कांनीच वाचलं. 'आपली लेथ विभागाच्या शिक्षिका म्हणून आजपासून नेमणूक करण्यात येत आहे.' पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. माझे डोळे वाहत होते आणि हात तेलाचे, म्हणून पुसले नाहीत. वाहू दे. कमावले होते मी ते.

मुलीने नवा शाफ्ट चढवला. हेडक्लार्क अजून मशीनला चिकटूनच उभे होते.

"जरा मागे सरका," मी म्हटलं. "माझ्या वर्गात लोखंडाचा कीस उडतो."