गोजरबाईनं सारवलेली चित्रं

पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत शनिवारी दुपारी मोतीरामबुवांचं कीर्तन, आणि तेही खास पोरांसाठी! विषय काय, तर माणूस चित्र काढायला कसा शिकला. कीर्तनाची जागा सारवलेली हवी, एवढं शाळेत झाडलोट करणाऱ्या गोजरबाईला ठाऊक. सकाळीच येऊन तिनं भिंतीला शेणामातीचा हात दिला. भिंतीवरचे गेरूचे पंजे, काटकुळी हरणं, काजळीची माणसं, सगळं गडप!

चाळीस पोरं दाटीवाटीनं बसली, टाळ खणाणले, तोच गाड्या रंगवणारा रज्जाक दारातून ओरडला, "मावशी वो! माह्यी भिंत कुठी गेली?"

"ते तू काढलं होतं? मले वाटलं, पोट्ट्यांनी घाण केली."

"बुवांनी सांगितलं म्हणून दिवसभर खपलो! गुहेतल्या माणसाचे चित्रं होते ते!"

"मंग त्याले धड हरीण काढता येत नव्हतं काय रे?"

पोरं खो खो हसली. गोजरबाईचे मात्र डोळे भरले. बुवा संध्याकाळीच संग्रामपूरला निघणार, चित्रं पुन्हा काढायला वेळ कुठला? तिच्या हातानं पोरांचं कीर्तन बुडालं होतं.

बुवांनी भिंतीवर तळवा टेकला. "वा, गोजरबाई! अजिंठ्याच्या चित्रकारांनीबी पहिले हेच केलं. माती, शेण, भुसा कालवून दगड लिंपला, मंग रंग लावला. पण पोरांनो, त्याच्याबी हजारो वर्षं आधी माणसापाशी कुंचला नव्हता. काय होतं?"

"हात!"

"लावा बाई, हात लावा. रज्जाक, गेरू कालव!"

गोजरबाईनं पंजा गेरूत बुडवून भिंतीवर दाबला. लालभडक उमटला! पोरं उभीच राहिली.

मग काय विचारता! बुवा गात सुटले आणि रज्जाकचा कुंचला मागं धावला. शिकारी आले, अजिंठ्याची कमळं, हत्ती आले. मग बादशहाचे चित्रकार खारीच्या केसांच्या कुंचल्यानं वीतभर कागदावर अख्खा दरबार बसवू लागले.

"हळू घ्या बुवा, हत्तीचा पाय राह्यला!"

बुवा कुठले थांबतात! उपरणं शिडासारखं फुगवून ते डुलत निघाले. समुद्रापलीकडून तेलातले रंग घेऊन जहाज आलं!

रज्जाक थबकला. "जहाज म्या कधी पाह्यलं नाही."

गोजरबाईनं पदर खोचला आणि त्याच्या हातातला कुंचला ओढला. "सरक बे! बुवांनी आत्ता तं दाखवलं!"